सगळ्या वर्गाचं एकच आभारपत्र: दोष कुठे असतो आणि तो कसा काढायचा

शिक्षकदिन, शिपाईमामांची निवृत्ती, क्षेत्रभेट, आरोग्य तपासणीला आलेले डॉक्टर, कुणीतरी वाटलेल्या वह्या. वर्षातून कितीतरी वेळा ऑफिसातून निरोप येतो, "मॅडम, मुलांकडून जरा आभारपत्रं लिहून घ्या." मराठी शिकवत असल्यामुळे हे काम माझ्याच गळ्यात पडतं. बिघाड दरवेळी तोच असतो आणि बहुतेक वेळा दुरुस्तीही तीच लागते, म्हणून एकदा क्रमानं लिहून ठेवते. पाचवी ते दहावीच्या वर्गांना हे लागू पडतं.

लक्षणं

- वरचं नाव झाकलं की पत्र कुणाला लिहिलंय ते ओळखता येत नाही.
- 'अमूल्य', 'मोलाचे', 'मनःपूर्वक' आणि 'ऋणी' ही चौकडी एकाच परिच्छेदात भेटते.
- समोरच्या माणसानं हातानं किंवा पायानं केलेलं एकही काम पत्रात नसतं. नुसतं 'सहकार्य केलेत', 'मार्गदर्शन केलेत'.
- शेवटी मागणी येते: 'यापुढेही असेच सहकार्य लाभावे ही नम्र विनंती.'
- पहिल्या बाकावरची शुद्धलेखनाची चूक शेवटच्या बाकापर्यंत जशीच्या तशी पोचलेली असते.
- आणि सगळ्यात महत्त्वाचं: तेच मूल मधल्या सुट्टीत त्याच माणसाबद्दल भरभरून बोलतं.

नमुन्यादाखल एक देते. 'आदरणीय महोदय, आपण आपला अमूल्य वेळ देऊन आम्हांस मोलाचे मार्गदर्शन केलेत, त्याबद्दल आम्ही आपले सदैव ऋणी राहू.' हे पत्र होतं रोज सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन फाटक उघडणाऱ्या शिपाईमामांना!

शेवटचं लक्षण दिसत असेल, म्हणजे मूल बोलतं पण लिहीत नाही, तर दोष बहुतेक वेळा आपल्या पद्धतीत असतो आणि तो घरच्या घरी निघतो. मूल बोलतही नसेल आणि लिहीतही नसेल, तर मधलं सगळं सोडून थेट शेवटचे दोन भाग वाचा.

हे येतं कुठून? मुलांनी आभार ऐकलेले असतात ते बहुतेक कार्यक्रमाच्या शेवटी. खुर्च्या सरकायला लागलेल्या, पाहुण्यांची नजर चहाकडे, आणि माइकवर कुणीतरी 'ज्यांचे ज्यांचे प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष सहकार्य लाभले' म्हणतंय. आभार म्हणजे असं बोलायचं, हे डोक्यात पक्कं बसतं. त्यावर परीक्षेची विनंतीपत्रं आणि मागणीपत्रं. 'ही नम्र विनंती' तिकडून घसरत आभारपत्रात येते. मुलांना भावना नाहीत किंवा भाषा नाही, असं स्टाफरूममध्ये म्हटलं जातं ते मला पटत नाही. त्यांच्याकडे त्या माणसाची स्वतः पाहिलेली एक तरी गोष्ट असते. ती कागदावर यायच्या आधीच आपण तयार वाक्य पुढे सरकवतो.

आता तपासण्या. फुकटातल्या आधी, अवघड मागून.

१. फळा बघा

फळ्यावर नमुना पत्र लिहिलंय का? असेल तर पुसा. नमुना समोर असला की मूल त्यात रिकाम्या जागा भरतं आणि आपल्याला मिळते ती नक्कल. तारीख आणि पत्त्याची जागा दाखवायला हरकत नाही, वाक्य मात्र एकही नको.

पुसलेल्या जागी वरची चौकडी लिहा आणि तिच्यावर फुली मारा. हे शब्द वाईट नाहीत. आज एक तास त्यांना सुट्टी, इतकंच. दोन मिनिटांत कुणीतरी विचारतंच, "मग लिहू काय?" हा प्रश्न आला की समजायचं, गाडी रुळावर येतेय. उत्तर देऊ नका. उलटा प्रश्न टाका: "मामांनी काय केलं होतं?"

२. पत्र कुणाला, हे कुणी ठरवलं?

अख्ख्या वर्गानं एकाच माणसाला लिहायचं असेल तर पत्रं सारखी निघणारच. शक्य असेल तिथे मुलाला माणूस निवडू द्या. खिचडीवाल्या मावशी, रिक्षावाले काका, ग्रंथालयातल्या ताई, गणित समजावणारी वरच्या वर्गातली मुलगी, कुणीही चालेल. एकच अट: जो वाचून गुण देणार आहे त्याला पत्र लिहायचं नाही. ५ सप्टेंबरला वर्गशिक्षकांना लिहिलेली पत्रं गोड असतात, पण त्यात खरं किती ते आपल्यालाही कळतं.

निवृत्तीसारख्या प्रसंगी माणूस एकच असतो. तेव्हा सगळ्यांकडून पत्र घ्यायचा हट्ट सोडा. ज्यांच्याकडे खरंच काही सांगण्यासारखं आहे तेवढ्यांनी लिहावं, बाकीच्यांनी मोठ्या कार्डावर सही करावी. पाच खरी पत्रं मामा घरी जपून ठेवतील. चाळीस सारख्या पत्रांचा गठ्ठा कपाटावर जातो.

देणगीदाराला लिहायचं पत्र सगळ्यात अवघड. मुलांनी त्या माणसाला पाहिलेलंही नसतं, म्हणून ती त्याच्या थोरपणाबद्दल लिहायला लागतात. तिथे माणसाकडून वस्तूकडे वळवा. वही कुठल्या विषयाला केली? पहिल्या पानावर काय आहे? दप्तर कोण वापरतं, तू की धाकटा भाऊ? 'तुमच्या दोनशे पानी वहीत मी विज्ञान लिहितो. आधी विज्ञान आणि भूगोल एकाच वहीत होतं, तपासायला दिली की दुसऱ्या तासाला अडायचं.' एवढं लिहिलं की देणाऱ्याला आपले पैसे कुठे पोचले ते कळतं. त्यात 'दानशूर' शब्द नसला तर काही बिघडत नाही.

३. लिहिण्याआधी बोलणं झालंय का?

बहुतेक बिघाड इथे सापडतो. तासाची पहिली दहा-पंधरा मिनिटं पेनं बंद. दोघादोघांच्या जोड्या करायच्या, एकानं विचारायचं, दुसऱ्यानं सांगायचं. प्रश्न तीनच: त्यांनी नेमकं काय केलं? तेव्हा तू कुठे होतास, काय चाललं होतं? त्यांनी ते केलं नसतं तर काय झालं असतं?

तिसरा प्रश्न सोडू नका. पहिल्या दोन प्रश्नांनी प्रसंग मिळतो, आपण आभार का मानतोय ते मुलाला तिसऱ्यावर कळतं. तोवर त्याला ती गोष्ट साधीच वाटत असते.

आठवीतल्या एका मुलीशी झालेलं बोलणं देते. ती वाडीवरून एसटीनं येते. पाचवी ते बारावीच्या ग्रामीण मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत मिळतो तो मोफत पास तिच्याकडे आहे. तिनं कंडक्टरकाकांना लिहायचं ठरवलं होतं आणि वहीत एकच ओळ होती: 'काका खूप चांगले आहेत.'

"काय करतात काका?"

"काही नाही. पास बघतात."

"सगळ्यांचाच बघतात. तुझ्यासाठी काय करतात?"

"फाट्यावर उतरवतात."

"तिथे थांबा आहे?"

"नाही ना. थांबा पुढं देवळापाशी. तिथून मागं चालत यावं लागतं. पावसाळ्यात अंधार पडतो."

"मग?"

"काका घंटी मारतात. एकदा. गाडी थांबली की मी उतरते." इथे ती जरा थांबली. "पण मी उतरल्यावर लगेच डबल मारत नाहीत. मी डांबरी ओलांडून वाटेला लागले की मग मारतात. मला ऐकू येते."

एसटीनं जाणाऱ्याला सांगायला नको, एक घंटी म्हणजे थांब आणि दोन म्हणजे चल. तिच्या पत्राचं पहिलं वाक्य झालं: 'काका, तुम्ही डबल घंटी उशिरा मारता ते मला माहीत आहे.' पुढे चार ओळी होत्या, त्यातली एक आईबद्दल. घंटीचं ऐकल्यापासून आई फाट्यापर्यंत न्यायला येत नाही, भाकरी टाकत बसते. काकांनी हे केलं नसतं तर काय, त्याचं उत्तर तिनं न विचारता देऊन टाकलं होतं. पत्रात 'आभारी' शब्द होता की नाही, ते मला आता आठवत नाही.

बोलताना मूल सांगतं ते तुम्ही फळ्यावर उतरवू नका. मोह होतो. पण फळ्यावर गेलं की ते अख्ख्या वर्गाचं होतं आणि चार पत्रांत घंटी वाजायला लागते.

कुणाला काहीच आठवलं नाही तर त्याला एक दिवस द्या, माणूस नुसता बघायला सांगा. खिचडीवाल्या मावशींचं सरकारी कागदावरचं पद 'स्वयंपाकी तथा मदतनीस'. सहावी ते आठवीच्या प्रत्येक मुलामागे दीडशे ग्रॅम तांदूळ धरला तर रोजचा पातेला केवढा होतो, तो चुलीवरून उतरवताना दोघी कशा वाकतात, हे मुलांनी कधी पाहिलेलंच नसतं. ती फक्त ताट पुढे करतात. बघून आलेल्या एकानं लिहिलं: 'मला मटकी आवडत नाही म्हणून तुम्ही माझ्या ताटात वरवरचं वाढता, आणि मागची पोरं ओरडली तरी घाई करत नाही.'

४. मायना आणि 'आपण'

रोज ज्यांना 'मावशी' म्हणतो त्यांना पत्रात 'आदरणीय महोदया, आपण' म्हटलं की पुढचं सगळं लाकडी होतं. तोंडात जे आहे तेच कागदावर: मावशी, मामा, काका, ताई, आणि 'तुम्ही'. परीक्षेचा मायना वेगळ्या दिवशी शिकवा, दोन्ही एकत्र केलं की परीक्षाच जिंकते.

बोलीचंही तसंच. 'लई', 'पुढं', 'व्हतं' आलं तर येऊ द्या. शंका असेल तर पत्र मुलाला मोठ्यानं वाचायला सांगा. वाचताना ज्या शब्दाला तो अडखळतो किंवा ज्या वाक्याला त्याचा आवाज एकदम सूत्रसंचालकासारखा होतो, ते वाक्य त्याचं नाही.

५. लाल पेन

ऱ्हस्व-दीर्घावरून ज्याची वही कायम लाल होते, ते मूल हळूहळू धोका पत्करणं सोडतं. 'पातेला' की 'पातेलं', 'घंटी' की 'घंटा', असली भानगड नको म्हणून पाठ असलेले शब्द वापरतं. गंमत अशी की त्या पाठ शब्दांतही 'अमूल्य'चा मू हमखास ऱ्हस्व निघतो.

म्हणून कच्चं पत्र वेगळ्या कागदावर, आणि पहिल्या वाचनात फक्त मजकुराबद्दल बोलायचं. 'इथे काय झालं ते अजून सांग' एवढंच समासात, पेन्सिलीनं. शुद्धलेखन बघायचं ते पक्कं पत्र करताना, तेही मुलाबरोबर बसून. एकच गोष्ट पहिल्या फेरीतच तपासा, ती म्हणजे ज्याला पत्र लिहायचं त्याचं नाव. कितीतरी मुलांना मामांचं आडनाव माहीत नसतं. ते त्यांनी जाऊन विचारावं.

गुण देऊ नका. याला खरंच गुण नकोत.

६. पत्र पोचतं का?

मुलांना सगळं कळतं. मागच्या वेळची पत्रं ऑफिसच्या कपाटात पडलेली त्यांनी पाहिली असतील तर या वेळी मन लावून कोण लिहील? पत्र जाणार, हे आधी दिसू द्या.

पोस्टकार्ड अजून ५० पैशांना आणि आंतरदेशीय पत्र अडीच रुपयांना मिळतं. चाळीस जणांच्या वर्गाला पोस्टकार्डांचा खर्च वीस रुपये. जागा इतकीशी की विशेषणं आपोआप गळतात. पण पोस्टकार्ड उघडं असतं, घरचं काही लिहायचं असेल तर आंतरदेशीयच बरं. पत्ता मुलानंच लिहायचा, पिनकोडसकट. पोस्टात काम केलेले संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी ही सहा आकड्यांची पद्धत आखली आणि १५ ऑगस्ट १९७२ पासून ती सुरू झाली. महाराष्ट्र-गोव्याचा पहिला आकडा ४. एवढी माहिती सांगितली की पत्ता लिहायचं काम मुलं आवडीनं करतात.

शाळेतल्याच माणसाला पत्र असेल तर मुलानं स्वतः नेऊन द्यावं. काही मावशींना वाचता येत नाही, तिथे मुलानं वाचून दाखवावं, एका बाजूला, दोघांतच. परिपाठात माइकवर वाचायला लावू नका. एकदा तसं केलंत की पुढची सगळी पत्रं परिपाठासाठी लिहिली जातात.

हातात द्यायच्या वेळी मुलं फार लाजतात. "नको मॅडम, ते हसतील." मोठ्यांचंही हेच असतं. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या मानसशास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये आभारपत्रं लिहिणाऱ्यांवर अभ्यास प्रसिद्ध केला. पत्र मिळणाऱ्याला किती अवघडल्यासारखं होईल याचा अंदाज लिहिणारे जास्त करत होते, आणि त्याला किती आनंद होईल याचा कमी. शब्द नीट जमलेत का, ही काळजीही लिहिणाऱ्यांनाच जास्त होती. मिळणाऱ्यांच्या मनात राहिला तो पत्रातला जिव्हाळा. नववी-दहावीच्या मुलांना हे सरळ सांगते, त्यांना पटतं.

७. सगळं करूनही पत्र कोरडंच

घरच्या माणसाला लिहिलेलं पत्र असेल तर आधी तेच कारण धरा. आपल्याकडे घरात आभार मानायची रीत नाही. आईला 'थँक्यू' म्हटलं तर ती विचारते, "बरं आहे ना तुला?" मग मूल अवघडतं आणि आईवरच्या निबंधात शिरतं, वात्सल्याचा सागर वगैरे. घरची माणसं वर्षाच्या शेवटी ठेवा. तेव्हाही 'आभार' हा शब्दच वापरू नका म्हणावं. 'तू करतेस ते मी बघितलंय' एवढंच लिहायला सांगा.

दुसरं कारण, मुलाला आभार मानायचेच नसतात. आठवीतल्या मुलाला वह्या घेताना फोटोसाठी दोनदा उभं केलेलं असतं, दुसऱ्यांदा तर घेतलेली वही परत देऊन. त्याला कळतं. तो 'मला नाही लिहायचं' म्हणाला तर त्याला दुसरा माणूस निवडू द्या, किंवा त्या दिवशी दुसरं काही लिहू द्या. जबरदस्तीनं घेतलेलं आभारपत्र पुन्हा त्या चौकडीवरच जातं. संस्थेला पोच हवी असेल तर मुख्याध्यापकांनी लेटरहेडवर द्यावी, तो व्यवहाराचा भाग आहे. मुलांची पत्रं त्याला जोडायलाच हवीत असं नाही, आणि फोटोसोबत तर नाहीच.

इथे थांबा

इथून पुढे हा भाषेचा प्रश्न राहत नाही, आणि आपण मराठीचे शिक्षक पुरेसे नसतो.

पत्रातून भलतंच काही बाहेर आलं तर. 'त्या दिवशी तुम्ही मला घरी पाठवलं नाही म्हणून आभार' असं वाक्य आलं की मजकूर सुधारायचा नाही, 'अजून सांग' असं समासातही लिहायचं नाही. पत्र बाजूला ठेवा, दुसऱ्या कुणाला दाखवत फिरू नका, त्याच दिवशी मुख्याध्यापक आणि समुपदेशक यांच्याशी बोला. 'कुणाला सांगणार नाही' असं वचन मुलाला देऊ नका, ते पाळता येणार नाही. मारहाण, उपासमार, घरात असुरक्षित असणं, यासाठी १०९८ ही बालकांची मदतवाहिनी चोवीस तास चालते, फोनला पैसे पडत नाहीत. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर २०१२ च्या पोक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. आधी घरच्यांना विचारू, शाळेचं नाव जाईल, असले विचार करत बसायचं नाही. खोलात जाऊन चौकशी करणंही आपलं काम नाही.

गेलेल्या माणसाला लिहिलेलं पत्र. कुणी वारलेल्या आजोबांना किंवा वडिलांना लिहितं. लिहू द्या, तपासू नका, वाचून दाखवायला सांगू नका. मूल नंतर अनेक दिवस गप्प राहिलं, जेवेनासं झालं, शाळा बुडवायला लागलं, तर पालकांशी बोलून समुपदेशकाकडे पाठवा.

आणि तिसरं, जे शाळेत सगळ्यात जास्त सुटतं. मूल तोंडी छान सांगतं, जोडीत त्याचीच गोष्ट सगळ्यांत रंगते, पण कागदावर दोन ओळीही येत नाहीत. अक्षरं उलटी, जोडाक्षरं गळलेली, फळ्यावरून उतरवतानाही चुका, आणि हे फक्त आभारपत्रात नाही, सगळ्या विषयांत, वर्षानुवर्षं. त्याला 'आळशी' म्हणून टाकू नका. ही अध्ययन अक्षमता असू शकते. ती आहे की नाही ते आपण ठरवायचं नाही, तज्ज्ञांच्या चाचण्यांवरून ठरतं. गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना कळवा, ते पालकांना पुढचा रस्ता सांगतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये तिचा समावेश आहे आणि प्रमाणपत्र मिळालं तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. दहावीचा फॉर्म भरताना धावाधाव करण्यापेक्षा सातवी-आठवीतच हे मार्गी लागलेलं बरं. तोवर आभारपत्र त्याला तोंडी सांगू द्या आणि जोडीदाराला जसंच्या तसं उतरवू द्या. सही तेवढी त्याची त्यानंच करायची.